घर असताना हॉटेल कशाला?

पाच महिने आधी

"वहिनी, घर असताना हॉटेल? शोभतं का आपल्याला?"

मे महिन्यात व्हिडिओ कॉलवर भावजी हे म्हणाले आणि माझ्या लॅपटॉपवरच्या अकरा उघड्या खिडक्या तिथेच पडून राहिल्या. भावजी म्हणजे नवऱ्याचे मावसभाऊ. २००९ पासून टोकियोत, निशी-कसाईला. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत टोकियोचं डिस्ने बघायला येणार हे त्यांना कळल्यापासून राहण्याचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने संपलेलाच होता. निशी-कसाई आणि डिस्ने नकाशावर अगदी शेजारी. मधे फक्त एक नदी.

माझ्या दृष्टीने मात्र प्रश्न तिथूनच सुरू होत होता. माणसं पाच: आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक, साडेतीन वर्षांचा धाकटा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई, म्हणजे आई. आईंचे गुडघे डोंबिवलीच्या पुलांनी खाल्लेले. त्यात अट अशी की मांस-मासे नाहीत, अंडंही नाही.

टोकियोला डिस्नेची उद्यानं दोन. टोकियो डिस्नेलँड १९८३चं, आणि त्याला लागून समुद्राच्या कल्पनेवर रचलेलं डिस्नेसी, २००१चं. दोन्ही ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी चालवते. राहण्याचे थर मात्र अनेक. सगळ्यात वर डिस्नेची स्वतःची हॉटेलं. त्यातलं मिराकोस्ता तर डिस्नेसीच्या आतच आहे, खिडकीतून बंदर दिसतं. त्याचा भाव बघून मी ती खिडकी हळूच बंद केली, कोणी बघितलं तर नाही ना अशा बेताने. मग खाडीच्या कडेची 'ऑफिशियल' हॉटेलं, मोनोरेलच्या बेसाइड स्टेशनजवळची. त्यानंतर शिन-उरायासूची, जिथून बसने आणून सोडतात. आणि सगळ्यात खाली, म्हणजे फुकट, भावजींचं घर.

डिस्नेच्या हॉटेलात उतरलं की सकाळी पंधरा मिनिटं आधी आत सोडतात. सगळे सल्ले यावरच अडून बसलेले. पण त्या पंधरा मिनिटांसाठी साडेसातपासून दारात उभं राहायचं आणि सोबत आमचा धाकटा! ज्याला घरी साडेसातला उठवायला तिघं लागतात. तो मुद्दा मी लगेच खोडला.

शेवटी नवऱ्याने तह केला. डिस्नेलँड भावजींच्या घरून करायचं, डिस्नेसी हॉटेलातून. "म्हणजे कोणी दुखावणार नाही," तो म्हणाला. तहात नेहमी होतं तसं दोन्ही बाजू थोड्या थोड्या दुखावल्या.

तिकिटं तारखेची असतात आणि भाव दिवसागणिक बदलतो. तेव्हा मोठ्यांना ७९०० ते १०९०० येन, चार ते अकरा वर्षांच्या मुलांना त्याहून बरंच कमी, चारच्या आत फुकट. येन साठ पैशांच्या आतबाहेर धरला की हिशोब सोपा. विक्री दोन महिने आधी सुरू होते. आमच्या कार्डाने चार वेळा मान टाकली, पाचव्यांदा भावजींनी तिथून काढली. घराचा एवढा उपयोग तर झालाच.

रविवार: पोचलो

भाऊबीज उरकून निघालो, दिल्लीमार्गे हानेदाला उतरलो. विमानतळावरून डिस्नेच्या हॉटेलांकडे थेट बस जाते, ती आमच्या डोळ्यांसमोरून गेली. आम्ही दोनदा गाड्या बदलून निशी-कसाईला.

निशी-कसाईत उतरलं की पहिल्यांदा कानाला कळतं. स्टेशनबाहेर तेलुगू, हिंदी, तमिळ, आणि दुकानाच्या रांगेत "अगं, कढीपत्ता संपलाय बहुतेक." २०००च्या आसपास संगणकवाले इथे येऊ लागले. सरकारी यूआरच्या इमारतींत जामीनदार लागत नाही आणि घरमालकाला नजराणा म्हणून द्यायची रक्कमही नाही, त्यामुळे परक्या देशातून आलेल्याला इथे घर मिळणं सोपं. आता एदोगावा हा टोकियोतला सगळ्यात जास्त भारतीयांचा विभाग आहे. २०१९ मध्ये इथल्या विभागीय सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले, आपल्याच ठाणे जिल्ह्यात वाढलेले. आईंना हे सांगितल्यावर त्यांनी आजूबाजूच्या इमारतींकडे जरा आपलेपणाने बघितलं.

मग भावजींची इमारत आली. चौथा मजला, लिफ्ट नाही.

आई काही बोलल्या नाहीत. प्रत्येक वळणावर थांबून बाहेरचं झाड बघत होत्या, एवढंच. वर जाऊबाईंनी वरण-भात, तूप, लिंबू तयार ठेवलं होतं. सहा ततामींच्या, म्हणजे जाड गवती चटयांच्या, खोलीत पाच गाद्या ओळीने पडल्या. ततामीवर झोपायला छान वाटतं. पहाटे उठताना आईंना गुडघा धरून कोपऱ्यापर्यंत सरकावं लागलं, ते मी डोळे मिटून बघितलं.

सोमवार: डिस्नेलँड, घरून

जाऊबाई पहाटे पाचला उठल्या होत्या. मेथीचे पराठे, शेंगदाण्याची चटणी, दडपे पोहे. त्यांना थांबवणार कोण?

तोझाई मेट्रो लाइनवर सकाळी शहराकडे जाणाऱ्या गाडीतली गर्दी बघून आमच्या डोंबिवलीकर मनाला बरं वाटलं. माणसं दारातून आत चेपलेली, पण आवाज शून्य. आम्ही उलट्या दिशेने, एकच स्टेशन, कसाईपर्यंत. तिथून डिस्नेला थेट बस आहे. सोपं वाटतं. पण पाच माणसं, एक बाबागाडी, बसची रांग आणि ऐनवेळी धाकट्याची शू. उद्यान नऊला उघडलं, आम्ही दहाला वीस कमी असताना दारात. आतल्या मोठ्या खेळांच्या रांगा तोवर तासावर गेलेल्या.

दारात पिशव्यांची तपासणी. डबे बघून त्या मुलीने इतकं वाकून माफी मागितली की चूक तिचीच आहे असं वाटावं. बाहेरचं जेवण आत नेता येत नाही. पण दाराबाहेर बाक-टेबलं मांडलेली डबा खायची जागा आहे, सामान ठेवायला लॉकर आहेत, आणि त्याच दिवशी त्याच तिकिटावर परत आत येता येतं. ज्यांच्या घरात शाकाहारी माणूस आहे त्यांनी हे पाठच करावं. जपानात मांस दिसत नसलं तरी दाशी असते. हा माशाचा अर्क आमटीत, सॉसमध्ये, भाजीत कुठेही असू शकतो. आतमध्ये आईंना निर्धास्तपणे देता येईल असं आम्हाला सापडलं ते बटाट्याच्या काड्या आणि कॅरॅमलचे पॉपकॉर्न.

आत गेल्यावर पहिल्यांदा नजर वर जाते. दुकानांच्या रस्त्यावर काचेचं छप्पर आहे. अमेरिकेतल्या डिस्नेत हा रस्ता उघडा असतो, इथे पावसाचा विचार करून झाकलेला. पावसाळ्याला मानणारे लोक म्हणून मला ते फार आवडलं.

सकाळ चांगली गेली. 'विनी द पू' अस्वलाच्या मधाच्या शोधातली गाडी रुळांशिवाय चालते, गिरक्या घेत कुठेही जाते. लेकीने तीनदा विचारलं, "चालवतंय कोण?" हॅलोवीनमुळे भुताच्या वाड्याला नाताळाची सजावट होती, ती का हे समजावताना मीच गोंधळले. बिग थंडर माउंटनला उंचीची अट १०२ सेंटिमीटर. धाकटा ९८. मोजपट्टीखाली तो टाचा उंचावून, मान ताणून उभा राहिला. तिथल्या कर्मचारी बाईंनी गुडघ्यावर बसून त्याला नकार दिला, तोही इतक्या प्रेमाने की रडायला त्याला अर्धा मिनिट उशीर झाला. अशा वेळी एकाने मुलाजवळ थांबायचं आणि नंतर पुन्हा रांग न लावता जाऊन यायचं, अशी सोय असते. आम्ही आळीपाळीने गेलो.

बारा वाजता बाहेर येऊन पराठे खाल्ले. शेजारच्या टेबलावर एक जपानी आजी भाताचे गोळे उलगडत होत्या. आईंनी त्यांना चटणी देऊ केली, त्यांनी चिमूटभर चाखली आणि दोघी बराच वेळ हसत राहिल्या. दिवसातला सर्वांत चांगला भाग हाच होता, असं आईंचं आजही मत आहे.

अडीच वाजता दिवस कोसळला.

धाकट्याची झोपेची वेळ. बाबागाडीत तो झोपेना, कारण दर पाच मिनिटांनी वाजतगाजत काहीतरी जाणार. आईंचे गुडघे संपलेले. चाकाची खुर्ची भाड्याने मिळते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मी काय आजारी आहे?" खाडीवरून वारा सुटला. घरी जाऊन परत यावं तर जाता-येता दोन तास आणि चौथा मजला. मग काय, एका बाकावर आई, त्यांच्या मांडीवर धाकट्याचं डोकं, त्यावर माझी शाल, आणि मी समोर पहारा दिल्यासारखी उभी. नवरा लेकीला घेऊन फिरत होता, पण दर वीस मिनिटांनी फोन, "उठला का?" टोकियोत ऑक्टोबरअखेर पाचच्या सुमारास अंधार पडायला लागतो, आणि दमलेल्या माणसाला अंधार पडला की घर आठवतं.

रात्रीची दिव्यांची मिरवणूक बघायची म्हणून लेक सकाळपासून तास मोजत होती. लोक तासभर आधी रस्त्याकडेला चटया अंथरून बसले होते. कडा सरळ, बूट बाजूला काढलेले. गिरगावात विसर्जनाला बसतात तसे, फक्त कोणी कोणाला "ओ काका, डोकं" म्हणत नव्हतं. आम्ही सहा वाजता निघालो. लेक बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडली, आवाज न करता. ते जास्त लागलं.

चौथ्या मजल्यावर धाकट्याला खांद्यावर घेऊन चढताना नवरा दुसऱ्या वळणावर थांबला. म्हणाला, "झाड चांगलंय."

मंगळवार: बिऱ्हाड हलवलं

सकाळी उशिरापर्यंत झोपलो. जाऊबाईंच्या डोळ्यांत थोडं पाणी. दोन रात्रींनी परत येणार आहोत हे त्यांना तीनदा सांगितलं. भावजींनी अर्धी सुट्टी काढली होती, ते सामान घेऊन सोबत आले.

वाटेत कसाई रिंकाई पार्क. तिथला प्रचंड पाळणा ११७ मीटर उंच आहे, वरून डिस्नेसीचा नकली ज्वालामुखी दिसतो आणि टोकियोही. मत्स्यालयातले ट्यूना बघून आई म्हणाल्या, "बिचारे थांबतच नाहीत." ट्यूना पोहायचा थांबला तर त्याला श्वास घेता येत नाही, असं भावजींनी सांगितल्यावर आई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्यासारखंच की रे."

तिथून रेल्वेने एक स्टेशन, माइहामा. पुढे मोनोरेल. खिडक्या आणि धरायच्या कड्या मिकीच्या आकाराच्या. तिला वेगळं तिकीट पडतं, हॉटेलात उतरलात तरी.

हॉटेलात आमचीच चूक नडली. आपल्याकडे खोली घेतली की माणसं आपण कोंबतो, फार तर एक गादी मागवतो. जपानात खोलीचा भाव बहुधा माणशी असतो. शाळेत न जाणारं मूल आईबापांच्या पलंगावर झोपणार असेल तर बऱ्याच ठिकाणी फुकट, पण आठ वर्षांची मुलगी म्हणजे एक माणूस आणि आजी तर अर्थातच. नवऱ्याने भरताना दोन मोठे, एक लहान एवढंच लिहिलं होतं, "बाकी तिथे बघू" या हिशोबाने. तिथे कोणी काही बघत नाही. काउंटरवरच्या तरुणाने पंधरा मिनिटं अतिशय नम्रपणे तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी फरक भरून चार पलंगांची खोली घेतली. भावजी दुभाषी म्हणून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर 'मी म्हणत होतो' स्पष्ट उमटलं होतं, पण माणूस सज्जन, बोलले नाहीत.

खोलीच्या खिडकीतून खाडी. तिथे उभे राहून भावजींनी सांगितलेलं एरवी मला कळलं नसतं. हे सगळं उरायासू, मूळचं कोळ्यांचं गाव. शिंपल्या आणि नोरी, म्हणजे खायचं समुद्री शेवाळ, यांच्यावर जगणारं. कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडी बिघडली, १९७१ला गावाने मासेमारीचे हक्क पूर्णपणे सोडले आणि समुद्रात भराव घालून गाव मूळच्या जवळजवळ चौपट झालं. आपण उभे आहोत ती जमीन म्हणजे कोणाची तरी जाळी टाकायची जागा. २०११च्या भूकंपात उरायासूच्या भरावाच्या जमिनीतून चिखल वर आला, रस्ते उसवले. उद्यानाखालची माती आधीच ठोकून घट्ट केलेली, म्हणून ते टिकलं. त्या रात्री हजारो लोक उद्यानातच राहिले. कर्मचाऱ्यांनी दुकानातली मऊ खेळणी काढून डोक्यावर धरायला वाटली. भावजी त्या दिवशी ऑफिसातून निशी-कसाईपर्यंत चालत आले होते, साडेचार तास. इतक्या वर्षांत हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

बुधवार: डिस्नेसी, हॉटेलातून

बेसाइडहून डिस्नेसी पुढचंच स्टेशन. साडेआठला रांगेत, नऊ वाजून दहा मिनिटांनी आत, आणि कोणी कोणावर ओरडलेलं नाही.

आत जाता जाता फोनवर 'सोअरिंग' या अधांतरी उडायच्या खेळाची वेळ विकत घेतली. काही खेळांना पैसे भरून रांग टाळता येते, तेव्हा खेळाप्रमाणे माणशी १५०० ते २५०० येन. ऐकायला महाग आहे. पण आईंना दोन तास उभं करण्यापेक्षा स्वस्त. तेव्हा काही खेळांची अशी वेळ फुकटही मिळायची, मात्र ती सकाळीच संपायची.

डिस्नेसी आईंना मानवलं, कारण इथे बसून फिरता येतं. बोट एका बंदरातून दुसऱ्या टोकाला नेते, वरून छोटी आगगाडी. धाकट्यालाही इथे मोजपट्टीखाली कमी वेळा उभं राहावं लागलं. २०२४ला उघडलेल्या नव्या भागातल्या एल्सा-अ‍ॅनाच्या नावेत उंचीची अट नाही, लेक दोनदा मागत होती. ज्वालामुखीच्या पोटातल्या गाडीला ११७ सेंटिमीटर लागतात, तिथे बापलेक गेले आणि आम्ही तिघं अरेबियन कोस्ट नावाच्या भागात.

आणि तिथे चंदू भेटला.

सिंदबादच्या सफरीत नावेतून जायचं, दोन्ही बाजूंना शेकडो हलत्या बाहुल्या. रांग जवळजवळ नसते. या सिंदबादसोबत वाघाचं एक पिल्लू असतं, आणि त्याचं नाव खरोखर चंदू आहे. मी नकाशावर वाचून दाखवल्यावर आईंनी चष्मा लावून खात्री करून घेतली. "म्हणजे आपला चंदू? वाण्याचा?" डोंबिवलीच्या वाण्याचा मुलगा चंदू. मग काय, प्रत्येक वळणावर धाकटा "चंदूऽऽ" अशी हाक मारतोय आणि पुढच्या नावेतल्या जपानी मुली वळून त्याला हात करतायत. आम्ही चार वेळा गेलो. चौथ्यांदा आईंनी चंदूला विचारलं, "काय रे, उधारी कधी देणार?"

बाहेर करी पॉपकॉर्नचा वास आणि खाणावळीत नान. वासाने आशा लागली होती, पण करीत मांस नाहीतर कोळंबी. आईंनी नुसता नान घेतला, दाराबाहेर जाऊन जाऊबाईंच्या उरलेल्या चटणीशी खाल्ला.

सव्वा वाजता धाकट्याने डोळे चोळले आणि आम्ही सरळ निघालो. इथे एक गंमत लक्षात ठेवा. मोनोरेल एकाच दिशेने फिरते. येताना एक स्टेशन, पण परतताना माइहामा आणि डिस्नेलँडवरून वळसा. चिडायला हरकत नाही, पण धाकटा त्या वळशातच झोपला. खोलीत पडदे ओढले. आई पलंगावर पाय वर करून, गुडघ्याला तेल लावून आडव्या झाल्या. मीसुद्धा. मुंबईत असताना दुपारी शेवटची कधी झोपले होते ते आठवत नाही. नवरा आणि लेक उद्यानातच होते, त्यांचा एकही फोन आला नाही.

हॉटेल शोधताना मी पाच महिने रात्रीचा आणि सकाळचा विचार केला होता. पैसे वसूल झाले ते दुपारी दोन ते साडेचार.

पाचला परत आत गेलो तेव्हा दिवे लागले होते. सोअरिंगला आई आणि लेक शेजारी बसल्या. पाय अधांतरी लोंबतात आणि समोरच्या प्रचंड पडद्यावर जग खालून सरकतं. डोंगर, भिंत, वाळवंट, आणि एका क्षणी ताजमहाल. लेक ओरडली, "आजी, आपला!" उतरल्यावर आई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ह्यांना सुट्टी मिळाली की आग्र्याला जायचं, असं आमचं ठरलं होतं." मामंजी गेले त्याला नऊ वर्षं झाली. नवरा बुटाची नाडी बांधत बसला. ती सुटलेली नव्हती.

रात्री बंदराच्या काठी आम्हीही चटई अंथरली, कडा सरळ करून, बूट बाजूला काढून. पाण्यावर दिवे, बोटी, गाणी. धाकटा टक्क जागा. आईंनी पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले. ते दारातून आत कसे आले, हे मी विचारलं नाही.

शो संपल्यावर अर्ध्या तासात आम्ही पांघरुणात होतो.

गुरुवार: परत निशी-कसाई

खोली सोडून दुपारी भावजींकडे. चौथा मजला. आईंनी या वेळी एकच थांबा घेतला, तोही झाडासाठी नाही, खाली राहणाऱ्या मांजराला "चंदू" म्हणून हाक मारायला.

वरण-भात, तूप, लिंबू. भावजींनी पाट मांडता मांडता विचारलंच, "मावशी, खरं सांग. हॉटेलात घरासारखं वाटलं का?"

"छे रे," आई म्हणाल्या, "घरी दुपारी झोपायला कुठे मिळतं?"

भावजी हसले आणि ताटं घ्यायला आत गेले. जाऊबाई वाढता वाढता माझ्याजवळ वाकल्या. त्या इतकी वर्षं डिस्नेपासून हाकेच्या अंतरावर राहतायत. दरवेळी पहाटे उठून डबे, रात्री मुलीला खांद्यावर घेऊन चार मजले.

"तुमची ती चार पलंगांची खोली," त्या हळूच म्हणाल्या, "तिची लिंक पाठवून ठेवा. ह्यांना इतक्यात सांगू नका."